कागदाला लागलेली आंबट वाळवी

या पुरवणीचे एक पान चार दिवस उन्हात पडू द्या. पिवळे होईल. तेच पान वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर राहिले, तर घडीवर हात ठेवताच तुटेल. ‘कागद जुना झाला हो,’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरात अठराव्या शतकातले मोडी रुमाल आहेत. त्यांतले कितीतरी कागद आजही उलगडावेत, वळवावेत, वाचावेत. माझी पहिली कादंबरी १९८८ सालची. घरातल्या प्रतीचे पान उलटले की कोपरा हातात येतो. तेव्हा वय हे काही खरे कारण नव्हे.

कारण आहे हायड्रोजनचा आयन. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, एवढाच संसार. इलेक्ट्रॉन गेला की उरतो नुसता प्रोटॉन. पाण्यात तो एकटा राहत नाही. पाण्याच्या एखाद्या रेणूला चिकटून हिंडतो. लिंबाचा, चिंचेचा, ताकाचा आंबटपणा म्हणजे हाच. ज्यात हे आयन जास्त ते आम्ल. जे त्यांना गिळते ते अल्क. चुना आणि सोडा या दुसऱ्या गोतातले.

त्यांची मोजदाद करायची सोपी रीत १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने बसवली. तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत! शाळेत तिला ‘सामू’ म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा उतरला की आम्ल वाढते, आणि प्रत्येक घराला दहा पटींनी. सामू ४ म्हणजे पाण्याच्या हजारपट आयन. आयुष्य बँकेत व्याजाचे आकडे मांडण्यात गेलेल्या माझ्यासारख्यालाही ही चढण दचकवते.

आता हे आयन कागदात आले कुठून? पूर्वी जुन्नरला, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद हाताने होई. ताग, जुने दोर, गोणपाट चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, आणि तयार कागदाला खळ लावून तो घोटायचा. शाई फुटू नये म्हणून ही खळ. जर्मनीत इलिग याने १८०७ साली स्वस्त तोड काढली: राळ आणि तुरटीच्या जातीचे क्षार थेट लगद्यातच मिसळायचे. यंत्राला ते फार मानवले. पण हे क्षार ओलाव्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. पुढे चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला. त्यातले लिग्निन उन्हाने पिवळे पडते आणि आम्लात भर घालते. कागद स्वस्त झाला, म्हणून पुस्तके घरोघरी गेली, हेही खरे. त्या स्वस्ताईला नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला नाही.

कागद म्हणजे सेल्युलोज; साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी. आयन दोन कड्यांमधल्या जोडावर बसतो, तो सैल करतो, पाण्याचा रेणू तिथे घुसतो आणि साखळी तुटते. खरी मेख पुढे आहे. एवढे करून आयन खर्ची पडत नाही! दलालाने एक सौदा उरकून दुसरे गिऱ्हाईक गाठावे, तसा तो पुढच्या जोडाकडे वळतो. म्हणून कपाट बंद असले, वाळवी नसली, तरी आत काम चालूच. उष्णता आणि दमट हवा त्याला मदत करतात. आमच्या शाखेत लेजरे जाड, चांगल्या कागदाची असत, व्हाउचरे हलक्या. रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्याची सुतळी सोडली की लेजर शाबूत आणि व्हाउचरांचा चुरा, हे मी कितीदा पाहिले आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो याने १९०० ते १९४९ मधली ५०० पुस्तके तपासून १९५९ साली निष्कर्ष मांडला, तेव्हा ग्रंथपाल हादरले. त्याचा उपाय ऐकून आपल्या जुन्या कागद्यांना हसू आले असते: चुन्याची निवळी! तीत कागद बुडवायचा, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात. आम्ल मरते आणि थोडा खडू तंतूंत मुरून पुढच्या आम्लासाठी राखीव राहतो. मात्र तुटलेली साखळी जोडली जात नाही. म्हणून वेळेत केले तरच उपयोग. अलीकडे खडू घातलेला आम्लविरहित कागद सर्रास मिळतो. गेल्या शतकातली मराठी नियतकालिके, दिवाळी अंक, छोट्या प्रकाशकांच्या एकुलत्या आवृत्त्या मात्र त्या जुन्याच कागदावर आहेत, आणि गावोगावच्या वाचनालयांत त्यांची एखादीच प्रत उरलेली असते. त्यांची छायाचित्रे निदान आता घेतली पाहिजेत.

घरी करण्याजोगे थोडेच. पुस्तके कोरड्या, थंड जागी ठेवावीत. माळ्यावर पत्र्याखाली नकोत. आणि वर्तमानपत्राचे कात्रण पुस्तकात ठेवू नये. काही वर्षांनी ते काढले की पानावर त्याच आकाराचा तपकिरी डाग दिसतो. कात्रणातले आम्ल शेजारी उतरलेले असते. हा लेख जपावासा वाटलाच, तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून घ्या आणि मूळ पान रद्दीत घाला.