जव्हार-मोखाड्यातील मुलांना हिशेबाचे शिक्षण

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे वस्ती आहे. नाचणी, वरई आणि भात ही येथील मुख्य पिके पावसाच्या भरवशावर येतात. घरचे धान्य वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वाडा, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. जाण्यापूर्वी मालकाकडून 'उचल' घेतली जाते. घरातील मुलाला मोठ्या रकमेचे पहिले दर्शन घडते ते बहुधा या उचलीच्या रूपाने. मुलांना पैशाचा व्यवहार शिकवताना बचतीचा धडा येथेही हवाच. परंतु त्याआधी उचलीचा आणि व्याजाचा धडा हवा.

कर्जाचा जुना इतिहास

या भागात कर्ज आणि वेठ यांचे नाते जुने आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून रक्कम घेणारा तरुण 'लग्नगडी' म्हणून त्याच्या शेतावर वर्षानुवर्षे राबत असे, आणि त्याच्या पत्नीलाही राबावे लागे. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी जो लढा दिला, त्यामागे ही वेठ आणि लग्नगड्याची पद्धत हे एक प्रमुख कारण होते. पुढे वेठबिगार पद्धती उच्चाटन अधिनियम, १९७६ अन्वये अशी सर्व कर्जे रद्दबातल ठरली. वेठीला लावणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद या कायद्यात आहे.

असे असूनही प्रश्न संपलेला नाही. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी मजुराच्या मृत्यूनंतर, मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या अवघ्या ५०० रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याच्या तक्रारीवरून याच कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला. रक्कम लहान असली तरी तिचा हिशेब एकाच बाजूच्या हाती राहिला, तर ती किती मोठी होते याची कल्पना यावरून यावी.

वर्गातील हिशेब

शिक्षकांना यासाठी वेगळ्या पाठ्यपुस्तकाची आवश्यकता नाही. शेकडेवारी आणि सरळव्याज हे घटक अभ्यासक्रमात आहेतच. उदाहरणे तेवढी परिसरातील घ्यावीत.

'शेकडा पाच' हा शब्द ऐकताना सौम्य वाटतो. पण तो दर महिन्याचा असतो. २,००० रुपयांवर महिन्याला १०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०० रुपये व्याज झाले आणि मुद्दल तसेच शिल्लक राहिले. वर्षाचा दर शेकडा ६० पडला. तीच रक्कम गावातील महिला बचत गटाकडून शेकडा दोन दराने मिळाली, तर वर्षाचे व्याज ४८० रुपये होते. वाचलेल्या ७२० रुपयांत घरात काय येईल, याची यादी मुलांनीच करावी. आषाढात मणभर धान्य घेऊन सुगीत दीड मण फेडण्याच्या 'दिढी'च्या व्यवहारालाही हेच गणित लागू पडते. चार-पाच महिन्यांत शेकडा ५० वाढ झाली, हे मुलांच्या चटकन लक्षात येते.

दुसरे उदाहरण भट्टीचे. समजा, एका जोडप्याने २०,००० रुपये उचल घेतली आणि २६ आठवडे दर आठवड्याला ८०० रुपये खर्ची घेतली. खर्चीचे २०,८०० रुपये धरून एकूण ४०,८०० रुपये झाले. हजार विटांचा दर ८०० रुपये मानला, तर ही रक्कम ५१ हजार विटा पाडल्यावर फिटते. त्यापुढील प्रत्येक विटेची मजुरी हाती यावयास हवी. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. खरा प्रश्न पुढे आहे. विटा किती पाडल्या, हे कोणी लिहिले? आठवीतील मुलगी साध्या वहीत तारीख, पाडलेल्या विटा आणि घेतलेली खर्ची असे तीन रकाने आखू शकते. हंगामाच्या अखेरीस मालकाच्या वहीसमोर ठेवण्यास कुटुंबाजवळ स्वतःची वही असते.

मुलांचे बँक खाते

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील अज्ञान मुलास, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडता व चालविता येते. शासकीय आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना साबण, तेल यांसारख्या वस्तूंऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याची पद्धत २०१७ मध्ये सुरू करण्यात आली, तेव्हापासून हा विषय निवासी शाळांच्या दारात आला. खाते मुलाचे आणि व्यवहार दुसऱ्याचा, अशी स्थिती राहू नये. पासबुकातील जमा, नावे आणि शिल्लक हे रकाने त्याला वाचता आले पाहिजेत.

अंगठा लावून पैसे काढताना पावती घेणे आणि रक्कम मोजणे ही सवय लहानपणीच लागावी. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि चार पैशांच्या मोहाने आपले खाते दुसऱ्यास वापरण्यास देऊ नये, हे किशोरवयीन मुलांना स्पष्ट सांगावे. अशी खाती फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी वापरली जातात आणि चौकशी खातेदाराची होते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. महाराष्ट्रातील अनेक शाळांत एकेकाळी 'संचयिका' चालत असे. तिच्या धर्तीवर मुलांनीच नोंदी ठेवलेली वर्गाची बचत वही आजही उपयोगी पडेल.

ग्रामसभेची जबाबदारी

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पंचायत व ग्रामसभेच्या कक्षेत आणला आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार सावकारीसाठी परवाना लागतो, आणि कर्जदारास पावती व हिशेबाचे विवरण द्यावे लागते. दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत या तरतुदींचे वाचन व्हावे. उचल घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची, मालकाच्या नावासह, नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. वेठीची तक्रार आल्यास ती उपविभागीय किंवा जिल्हा दक्षता समितीपुढे विनाविलंब मांडावी.

केवळ वहीने दारिद्र्य हटणार नाही. गावात काम, रास्त मजुरी आणि वेळेवर मिळणारे सोयीचे कर्ज यांची गरज राहणारच. मात्र वही लिहू शकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराला आपण किती फेडले आणि किती उरले हे विचारण्यासाठी मालकाच्या दारी जावे लागणार नाही. यंदाच्या स्थलांतरापूर्वी प्रत्येक शाळेने वरच्या वर्गांतील मुलांच्या हाती तीन रकान्यांची अशी एक वही द्यावी. त्याला खर्चही फारसा येणार नाही.