तिजोरीचा नंबर हरवला तर



उसाच्या गप्पांत तिजोरी कुठून आली, असे कोणी म्हणेल. पण शेअर वारसाच्या नावे करायचा म्हटले की पुष्कळ घरी एकच अडचण निघते. सर्टिफिकेट वडिलांच्या तिजोरीत, आणि नंबर वडिलांबरोबर गेला. मग विचारणा होते, "साहेब, वर्कशॉपचा गॅस कटर मिळेल का?"

कटर मुळीच लावू नये. आगीपासून जपणाऱ्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये भराव असतो, तो सहजी कापत नाही. कापलाच तर त्या आचेने आतले कागद आणि नोटा करपतात. घण घालणे त्याहून वाईट. चांगल्या तिजोरीत एक जादा खटका असतो, कुलपावर मार बसला की तो पडतो. मग खरा नंबर सापडला तरी दार उघडत नाही.

बटणांची तिजोरी असेल तर नंबरावर शंका घेण्याआधी सेल बदला. दिवा लागतो, आवाज येतो, म्हणून सेल चांगले असे समजू नये. दिव्याला वीज थोडी लागते. खटका ओढायला बरीच जास्त. आपल्याकडे कित्येक तिजोऱ्या लक्ष्मीपूजनालाच उघडतात, तोवर सेल उतरलेले असतात. सेलचा डबा बहुधा बाहेर असतो. आत असेल तर पुष्कळ बनावटींत बाहेरून सेल टेकवायला दोन टोके दिलेली असतात. बटणांच्या पट्टीवरचे झाकण किंवा कंपनीची खूण सरकवून पाहा, मागे किल्लीचे भोक सापडते. ती किल्ली घरात शोधा. (काही शहाणे ती तिजोरीतच ठेवतात!) आत सामान कोंबलेले असेल तर दार आत दाबून धरून मूठ फिरवा. चुकीचे नंबर लागोपाठ दाबले तर कुलूप काही मिनिटे बंद पडते, तेवढा वेळ हात लावू नका.

फिरत्या चकतीच्या कुलपाची रीत वेगळी. आत तीन-चार चाके, प्रत्येकाला एक खाच. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की वरची पट्टी त्यांत पडते आणि दार सुटते. तीन आकड्यांच्या कुलपाची नेहमीची रीत अशी: पहिला आकडा खुणेवर चौथ्यांदा येईपर्यंत डावीकडे, दुसरा तिसऱ्यांदा येईपर्यंत उजवीकडे, तिसरा दुसऱ्यांदा येईपर्यंत पुन्हा डावीकडे, मग अडेपर्यंत उजवीकडे. आकडा ओलांडला म्हणून जरा मागे घेतले की सगळे बिघडते, पुन्हा पहिल्यापासून. कित्येकदा नंबर बरोबर असतो, फिरवणेच चुकते. कुलूप झिजले असेल तर प्रत्येक आकडा एक-दोन घरे अलीकडे-पलीकडे धरून पाहा.

नंबरच ठाऊक नसेल तर शंभर घरांच्या चकतीवर तीन आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात. एक-दोन घरांचा फरक चालणारे कुलूप असले तरी सुमारे ८ हजार उरतात. एकेकीला अर्धा मिनिट धरला तरी साठ तासांवर काम! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लॉस अलामोस येथे शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी हीच ढिलाई हेरली होती. कारखान्यातून आलेला नंबर लोक बदलतच नाहीत, हेही त्यांना दिसले. म्हणून तिजोरीबरोबरची पुस्तिका आधी शोधा. मग वडिलांच्या डायऱ्या चाळा. गट नंबर, सभासद क्रमांक, थोरल्याची जन्मतारीख लावून पाहा.

एवढ्याने जमले नाही तर तिजोरीवरचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा. जाणता कारागीर नेमक्या जागी बारीक छिद्र पाडून कुलूप सोडवतो. छिद्र बुजवून कुलूप बदलले की तिजोरी पुन्हा वापरता येते. मयताची तिजोरी असेल तर सगळे वारस समोर हवेत. निघालेल्या वस्तूंची यादी करून सर्वांच्या सह्या घ्या. वारसांत वाद असेल तर आधी वकिलाला विचारा.

शेअरसाठी मात्र तिजोरीची वाट पाहू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचा भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे, तशी नोंद नसेल तर वारसाकडे वर्ग होतो. मूळ सर्टिफिकेट हाती नसले तरी शेअर विभागात मृत्यूचा दाखला घेऊन या आणि वारसाची नोंद कोणाची आहे ते पाहून घ्या. सातबारा तर तलाठी कार्यालयातून किंवा ऑनलाइन पुन्हा मिळतो.

तिजोरी उघडल्यावर नवा नंबर लावाल तेव्हा दार उघडेच ठेवून तो तीन वेळा लावून पाहा, आणि मगच दार लोटा.