पित्ताची खूण ओळखणारा जंतू

जुलाब-ओकारीची साथ आली की पूर्वी गावोगावी मरीआईचा गाडा काढत आणि शिवेपलीकडे नेऊन सोडत. रोग गाड्यात बसत नव्हता, तो पाण्यात होता. पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू पोटात शिरल्यावर आपली जागा कशी ओळखतो, हे आता बरेच कळले आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. ती जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि तेलातुपाचे जेवण खाली उतरले की लहान आतड्यात सोडले जाते.

दूषित पाण्यातून गिळलेले पटकीचे बहुतेक जंतू जठरातल्या आम्लातच मरतात. म्हणून आम्ल दाबणारी गोळी महिनोन्महिने मनाने खाऊ नये; दारातला राखणदार आपणच झोपवतो. वाचलेले जंतू लहान आतड्यात उतरतात. तिथे स्वादुपिंडातून सोड्यासारखा क्षार येतो, पित्तही येते. शरीर हे अन्न पचवण्यासाठी करते, पण जंतूला त्यातून मुक्कामाचे ठिकाण आल्याची खूण पटते. विहिरीत असताना तो विष बनवण्यात ताकद घालवत नाही. पित्तातले क्षार लागले की आतड्याला चिकटायचे केसासारखे तंतू आणि विष, दोन्ही तयार होऊ लागतात. त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातले पाणी बाहेर ओततात आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. हे विष प्रथम दाखवून दिले ते कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी, १९५९ साली, सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून.

आता आपल्या पोटातल्या चांगल्या जंतूंकडे या. त्यांतले काही पित्तातले क्षार मोडून टाकतात. मग पटकीच्या जंतूला मिळणारी खूणच पुसट होते. उंदराच्या पिल्लांवरचे असे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार जुलाब झालेल्या किंवा कुपोषित माणसाच्या पोटात हे पित्त मोडणारे जंतू कमी असू शकतात. एकाच हंड्यातले पाणी पिऊन एक मूल आजारी पडते आणि दुसरे नाही, त्याचे एक कारण हेही असू शकेल. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक मनाने आणू नका, असे आम्ही सांगतो ते याचसाठी: त्या गोळीने चांगले जंतूही मरतात.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. माणसे, गुरे, हॉटेले सारे एका ठिकाणी, आणि पिण्याचे पाणी कुठले ते कोणी विचारत नाही. पाणी घरून न्या. शहापुरातल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात, हे आम्हाला पटत नाही. टँकरचे पाणी असो की विहिरीचे, उकळूनच प्या. वस्तीच्या विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. विचारायला लाजू नका, ते त्याचे कामच आहे.

जुलाब लागलेच तर ओआरएस लगेच सुरू करा. विषाने आतडे पाणी ओतत असले तरी साखर आणि मीठ मिळून आत ओढून घ्यायची वाट चालूच राहते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका. आशाताईंकडे विचारा.

डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले, किंवा पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू बसू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. पटकीत मोठा माणूसही काही तासांत जाऊ शकतो. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत घोट घोट पाणी पाजत राहा.