फिलिपची सत्ता वाढली की फक्त कागद?

मध्ययुगीन फ्रान्सवर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: फिलिप दुसरा (राज्यकाल ११८०-१२२३) याने राजसत्ता वाढवली. वाक्य बरोबर आहे. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर त्याच्या बाजूला पेन्सिलीने 'कशावरून?' असं लिहून ठेवा.

ढोबळ गोष्ट अशी. इंग्लंडचा राजा जॉन याने १२०० साली अंगुलेमच्या इसाबेलाशी लग्न केलं. तिचं लग्न आधी लुझिन्याँ घराण्यातल्या ह्यूशी ठरलेलं! लुझिन्याँ मंडळी फिर्याद घेऊन गेली फिलिपकडे, कारण फ्रान्समधल्या मुलखापुरता जॉन त्याचा मांडलिक होता. १२०२ मध्ये बोलावणं गेलं, जॉन आला नाही, दरबाराने त्याचा मुलूख जप्त ठरवला. १२०४ मध्ये नॉर्मंडी हातात आली. तलवार होतीच, पण आधी न्यायनिवाडा.

मुलूख सांभाळायचे कोणी? जुने 'प्रेव्हो' वसुलीचा मक्ता घेत. ठरलेली रक्कम राजाला, वरचं स्वतःला. फिलिपने त्यांच्यावर 'बाय्यी' नेमले, पगारी. ११९० मध्ये धर्मयुद्धावर निघताना त्याने लेखी हुकूम ठेवला, की बाय्यींनी दरमहा एक दिवस लोकांच्या तक्रारी ऐकायच्या.

आता गोची. ११९४ मध्ये फ्रेतवालजवळ रिचर्डने फिलिपच्या लवाजम्यावर झडप घातली. खजिना गेला, सोबतची दप्तरंही गेली. राजाचं दप्तर तोवर त्याच्याबरोबर फिरायचं! त्यानंतर ते पॅरिसमध्ये जपून ठेवलं जाऊ लागलं, आणि १२०४च्या सुमारास नोंदवह्या सुरू झाल्या.

म्हणजे राजाच्या दप्तरातले कागद वर्षवार मोजले, तर आलेख एकदम वर उडी मारतो. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं, आणि आलेख मोठ्या हौसेने गाइडना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कारभार वाढल्यामुळे, की कागद जपल्यामुळे?" मी गप्प.

वाट आहे. राजाने मठांना दिलेल्या सनदा मठांनी आपापल्या जपल्या. त्यांचा फ्रेतवालशी संबंध नाही. म्हणून ११९४च्या आधीची आणि नंतरची तुलना सनद मिळालेल्यांच्या दप्तरांतून करा. (त्यासाठी लॅटिन लागेल. नुसत्या फ्रेंचवर भागत नाही, आत्ताच सुरू करा.)

आणि छापील प्रतींना कमी लेखू नका. १२०२-०३चा राजाचा जमाखर्च आज वाचता येतो, तो ब्रुसेलने १७२७ मध्ये छापला म्हणून. मूळ कागद १७३७च्या आगीत गेला.