'अपक्ष' म्हणजे नेमकं कोण? भंडाऱ्याच्या निकालातून प्रश्न घडवायला शिकूया

राज्यशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्यांच्या प्रस्तावात एक प्रश्न बरेचदा दिसतो: 'विधानसभेला अपक्ष का निवडून येतात?' प्रश्न चांगला आहे, पण तो तसाच घेऊन मुलाखतींना निघालात तर फसाल. कसं, ते एका मतदारसंघावरून बघू.

अड्याळ हे पवनी तालुक्यातलं गाव. भंडारा आणि पवनी हे तालुके भंडारा विधानसभा मतदारसंघात येतात. जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 2019 मध्ये इथून नरेंद्र भोंडेकर अपक्ष म्हणून निवडून आले. त्या वर्षी राज्यात 13 अपक्ष जिंकले. त्यातले चार पूर्व विदर्भातले: भंडाऱ्यात भोंडेकर, गोंदियात विनोद अग्रवाल, रामटेकमध्ये आशिष जयस्वाल आणि चंद्रपुरात किशोर जोरगेवार. एवढं वाचलं की निष्कर्ष तयार: 'इथला मतदार पक्षांना कंटाळलाय.'

जरा थांबा.

पायरी पहिली: मागची निवडणूक उघडा

2014 चे निकाल काढा. हे चौघंही त्याच मतदारसंघातून पक्षाच्या चिन्हावर लढले होते आणि हरले होते. अग्रवाल भाजपकडून, बाकी तिघं शिवसेनेकडून. भोंडेकर तर 2009 मध्ये शिवसेनेचे आमदार होते. 2019 मध्ये युती झाली आणि भंडारा, रामटेक या जागा भाजपकडे गेल्या. गोंदियात भाजपने काँग्रेसमधून आलेल्या गोपालदास अग्रवालांना तिकीट दिलं. पुढे 2024 मध्ये चौघंही पुन्हा पक्षाच्या चिन्हावर लढले आणि जिंकले: दोघं शिवसेनेचे, दोघं भाजपचे.

म्हणजे निकालाच्या तक्त्यातला 'अपक्ष' हा शब्द त्या एका निवडणुकीपुरती कायदेशीर नोंद सांगतो. उमेदवाराचा पक्षाशी संबंध कसा होता, हे तो सांगत नाही. तिकीट हुकलेला माजी आमदार आणि पहिल्यांदाच उभा राहिलेला शिक्षक, दोघंही एकाच रकान्यात. म्हणून तुमच्या माहितीत निदान दोन गट करा: आधी पक्षाकडून लढलेले आणि कधीच न लढलेले.

पायरी दुसरी: हरलेल्यांना मोजा

2024 च्या विधानसभेला 4136 उमेदवार होते, त्यात 2086 अपक्ष. जिंकले दोन. फक्त विजेत्यांचा अभ्यास केला तर 'दांडगा जनसंपर्क' हे कारण सापडणारच. पण तोच जनसंपर्क डिपॉझिट गमावलेल्यांकडेही असेल तर? ते तपासल्याशिवाय त्याला कारण म्हणता येत नाही. संशोधनात याला सिलेक्शन बायस म्हणतात.

पायरी तिसरी: नियम वाचा

समजा, अड्याळचा एखादा तरुण अपक्ष उभा राहतोय. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, याला दहा लागतात. डिपॉझिट 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 5,000. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत आणि निवडूनही आला नाही, तर ते जप्त. मतदान यंत्रावर अपक्षांची नावं पक्षवाल्यांच्या खाली.

पण खरी अडचण चिन्हाची. अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावरच अपक्षाचं चिन्ह ठरतं. 2019 मध्ये ही मुदत 7 ऑक्टोबरला संपली आणि मतदान 21 ला झालं. नवं चिन्ह घराघरांत पोहोचवायला दोन आठवडेसुद्धा नाहीत. बूथवर जुने कार्यकर्ते असलेल्याला हे जमू शकतं, नवख्याला माणसं जोडण्यापासून सुरुवात करावी लागते. कायदा सगळ्या अपक्षांना सारखाच, पण त्याचा भार सारखा पडत नाही.

मग प्रश्न कसा मांडायचा?

असा: 'तिकीट हुकलेला उमेदवार पक्षाची किती मतं स्वतःसोबत नेतो?' हा प्रश्न तपासता येतो. निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय मतं मिळतात. अड्याळच्या बूथांवर 2014 आणि 2019 ची मतं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, 2014 मध्ये भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी वेगवेगळे लढले आणि 2019 मध्ये युती-आघाडी होती, त्यामुळे थेट तुलना चालत नाही. बूथांची हद्द, क्रमांकही बदललेले असू शकतात. दोन, बूथची बेरीज म्हणजे मतदाराचं मन नव्हे. मतं सारखी दिसली तरी माणसं तीच असतील असं नाही. त्यासाठी गावात जाऊन विचारावंच लागतं.

हे काम नीट झालं नाही तर नुकसान फक्त प्रबंधाचं होत नाही. 'लोक पक्षांना विटलेत, अपक्षाला संधी आहे' असं आपण लिहितो आणि ते खरं मानून कुणीतरी घरचे पैसे घालून उभा राहतो. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी आपल्या मतदारसंघातल्या मागच्या तीन निवडणुकांतल्या अपक्षांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: याआधी कुठल्या चिन्हावर? प्रस्तावाची सुरुवात तिथून होते.