बाजाराच्या गाडीत दुसरी बॅटरी : रिले कसा जोडावा?

गांधीनगर किंवा इचलकरंजीहून कापड भरून आठवडी बाजार करणारे आपले बरेच व्यापारी बांधव आता पाल ठोकण्याऐवजी गाडीतूनच माल विकतात. दिवेलागणीनंतर गिऱ्हाईक वाढते. दिवे, पंखा, भोंगा सारे गाडीच्या एकाच बॅटरीवर चालते आणि रात्री माल आवरून सेल्फ मारला की नुसता 'टक' असा आवाज येतो. मग उरलेला माल आणि दिवसाचा गल्ला घेऊन अंधारात धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. यावर उपाय आहे तो दुसऱ्या बॅटरीचा. पण ती जोडण्याची रीत चुकली तर कापडाने भरलेल्या गाडीत आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून हा विषय धंद्याच्या पानावर घेतला आहे.

प्रथम हिशेब पाहू. चार एलईडी दिवे ४० वॅट, दोन छोटे पंखे ३० वॅट आणि भोंगा ३० वॅट धरला तर एकूण १०० वॅट होतात. १२ व्होल्टला हे साधारण ८ अँपिअर झाले. पाच तासांत ४० अँपिअर-तास खर्च होतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ८० ते १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तीही इन्व्हर्टरला वापरतात तशी ट्यूब्युलर असावी. गाडीची बॅटरी सेल्फला क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास दिवे जाळण्यासाठी नव्हे.

काही जण दोन्ही बॅटऱ्या थेट वायरने जोडतात. तसे केल्यास दोन्ही एकदमच उतरतात आणि दुसरी बॅटरी घेऊन फायदा शून्य. इंजिन चालू असताना दोन्ही जोडलेल्या आणि बंद होताच वेगळ्या, हे काम रिले करतो. रिले म्हणजे करंटने चालणारे बटण. त्याच्यावर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. हे आकडे जर्मन मानकातून आले असून जगभर चालतात. ८५ व ८६ ही कॉइलची टोके. कॉइलला थोडा करंट मिळाला की ३० आणि ८७ आतून जोडले जातात आणि मोठा करंट त्यातून वाहतो. ३० वर गाडीच्या बॅटरीची प्लस व ८७ वर दुसऱ्या बॅटरीची प्लस जोडावी.

हॉर्नला वापरतात तो ३० अँपिअरचा रिले इथे चालत नाही. उतरलेली बॅटरी सुरुवातीला ४० अँपिअरही ओढते. त्याने पॉइंट तापून एकमेकांना चिकटतात आणि मग रिले सुटतच नाही. ८० ते १०० अँपिअरचा, सतत चालू राहू शकणारा रिले घ्यावा. सेल्फचा सोलेनॉइड दिसायला मोठा असला तरी तो काही सेकंदांपुरताच असतो. तो इथे जळतो.

कॉइलला करंट कोठून द्यायचा, ही खरी मेख आहे. चावीच्या लाइनवरून दिला तर सेल्फ मारतानाही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात. डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपिअरहून जास्त ओढू शकतो. त्यातला वाटा रिलेतून जाऊन फ्यूज उडतो. जुन्या गाडीत चार्जिंगच्या दिव्याची वायर इंजिन चालू झाल्यावरच प्लस होते, ती घ्यावी. मात्र मोठ्या रिलेचा भार थेट तिच्यावर टाकू नये. मधे छोटा रिले घालून त्याने मोठा चालवावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज ओळखणारा रिले. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला सोडतो.

वायर बारीक घेण्याची काटकसर महाग पडते. जाऊन-येऊन १० मीटर लांबी आणि ४० अँपिअर करंट धरला तर ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते. डायनामोचे १४.२ व्होल्ट बॅटरीपर्यंत १३ होऊन पोचतात आणि बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट अर्ध्या व्होल्टच्या आतच राहते. लग पक्कडीने चेपू नये, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्यावा. ढिला जोड तापतो.

फ्यूज दोन लागतात, कारण करंट दोन्ही टोकांकडून येऊ शकतो. प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा, बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज घालावा. दिवे-पंख्याच्या लाइनीला वेगळा छोटा फ्यूज हवा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराची बुशी घालावी. पत्र्याच्या धारेने वायर सोलली गेली की शॉर्ट झालाच. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधून झाकणाच्या पेटीत ठेवावी आणि पेटीची हवा नळीने बाहेर काढावी. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेणारा असतो. शिवाय तेजाबाचा थेंब सुती कापडावर पडला तर लगेच दिसत नाही, पण पहिल्या धुण्यात तिथे भोक पडते आणि गिऱ्हाईक भांडायला येते.

बाजाराहून तासाभराचा प्रवास केला तर २० अँपिअर-तास जेमतेम परत मिळतात. म्हणून घरी रात्री चार्जर लावावाच. काम पाहून घेताना मीटर लावा. इंजिन चालू केल्यावर दुसरी बॅटरी १४ च्या जवळ दिसली पाहिजे, आणि इंजिन बंद करून तासभर दिवे जाळले तरी गाडीची बॅटरी उतरता कामा नये.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत संगणक डायनामोचा व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे साधा रिले भरवशाचा नाही, डीसी-टू-डीसी चार्जर लावावा. लिथियम बॅटरीलाही तोच हवा, नाहीतर ती एवढा करंट ओढते की डायनामो तापतो. नव्या गाडीच्या वायरिंगला हात लावण्यापूर्वी वॉरंटीविषयी विचारून घ्यावे.

उद्यमनगरातल्या आपल्या कारागिरांसाठीही यात रोजी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. राहण्याच्या त्या गाड्यांतही हीच जोडणी लागते. जो वायरमन दोन्ही टोकांना फ्यूज घालतो आणि मीटर लावून काम दाखवतो, त्याला चार पैसे जास्त द्यायला व्यापाऱ्याने मागेपुढे पाहू नये. गाडीतल्या मालाची किंमत त्या फ्यूजच्या कितीतरी पट असते.