फिरत्या घराची विजेची कोठी

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत क्वार्ट्झसाइट नांवाचें एक लहानसें वाळवंटी गांव आहे. उन्हाळ्यांत तेथें उभें राहवत नाहीं इतका ताप असतो. परंतु हिवाळा लागला कीं उत्तरेकडील हिमप्रदेशांतून हजारों कुटुंबें आपलीं चाकांवरचीं घरें मोटारीमागें जोडून तेथें उतरूं लागतात. गांवाच्या दक्षिणेस ला पोसा या नांवाचें विस्तीर्ण माळरान आहे. तें संघसरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याच्या ताब्यांत असून, ठराविक शुल्क भरणाऱ्यास १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत तेथें मुक्काम करतां येतो. ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या घरांत निजण्याची सोय, चूल, शीतपेटी, स्नानगृह असें सर्व कांहीं असतें. मात्र माळावरील मुक्कामाच्या जागेपर्यंत विजेची तार येत नाहीं. दिवसां छपरावरील सौर पॅनेल जी वीज निर्माण करील ती बॅटरींत सांठवावयाची आणि रात्रीं त्या सांठ्यावर संसार चालवावयाचा, असा तेथील क्रम आहे.

हा संसार करणारीं पुष्कळशीं जोडपीं साठी उलटलेलीं असतात. वाळवंटांतील दिवस उबदार असला तरी जानेवारींतील एखादी रात्र पाणी गोठविण्याइतकी गार होऊं शकते. घर उबदार ठेवणारी भट्टी गॅसवर जळते खरी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. घरधन्यास झोपेंत श्वास अडकण्याचा विकार असला, तर त्याचें श्वासयंत्रहि त्याच बॅटरीवर चालतें. अशा स्थितींत मध्यरात्रीं दोनच्या सुमारास पंखा मंदावतो, यंत्र बंद पडतें आणि थंडी आंत शिरते. सकाळीं निदान ठरून जातें, ‘बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, नव्या आणल्या पाहिजेत.’ नव्या येतात. आणि दोन हिवाळे जातात न जातात तोंच त्याहि जुन्यांच्याच वाटेनें जातात. असें कां व्हावें?

याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, या बॅटऱ्या बहुधा वार्धक्यानें मरत नाहींत, उपासमारीनें मरतात. आणि उपासमारीचें कारण घरांत तसेंच ठेवून नुसती बॅटरी बदलणें म्हणजे रिकाम्या कोठीला नवें कुलूप लावणें होय.

हें समजण्यासाठीं बॅटरीच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. शिसें आणि सौम्य गंधकाम्ल यांपासून बनणारी, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. मुंबई-पुण्याच्या घरांतून वीज गेल्यावर दिवे लावणारी इन्व्हर्टरची जी जड बॅटरी गॅलरींत ठेवलेली असते, ती याच कुळांतील. वीज खर्च होऊं लागली म्हणजे आम्लांतील सल्फेट शिशाच्या पट्ट्यांवर बसूं लागतें. बॅटरी भरूं लागलों कीं तें सुटून पुन्हां आम्लांत मिसळतें. हें येणेंजाणें वेळच्या वेळीं झालें तर ठीक. परंतु बॅटरी अर्धपोटी राहिली, तर पट्ट्यांवरील सल्फेटाचे बारीक कण हळूहळू मोठे व कठीण स्फटिक होतात. मग कितीहि वीज घातली तरी ते विरघळत नाहींत, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय या बॅटरीचा शेवटचा पांचवा हिस्सा फार सावकाश भरतो. त्यास कित्येक तास लागतात, आणि हिवाळ्याचा आंखूड दिवस त्यास पुरत नाहीं. म्हणूनच रोज ‘जवळजवळ भरणारी’ बॅटरीहि आंतून झिजत असते.

यास्तव दुकानांत जाण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें व विजेचा जमाखर्च मांडावा. आपल्या घरांत महिन्याचा किराणा जसा मांडतात तसाच. वीज येथें अँपिअर-तासांत मोजतात; एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला म्हणजे एक अँपिअर-तास झाला. समजा, भट्टीचा पंखा ७ अँपिअर घेतो व रात्रभरांत एकंदर चार तास फिरतो. हे २८ झाले. श्वासयंत्र ३ अँपिअरप्रमाणें आठ तास चालतें, २४ झाले. शीतपेटी गॅसवर चालत असली तरी तिचें नियंत्रण व गॅस-गळतीची सूचना देणारें उपकरण अहोरात्र मिळून १२ घेतात. दिवे ५ आणि पाण्याचा पंप ३. एकूण खर्च ७२ अँपिअर-तास.

आतां जमेची बाजू. १९५४ सालीं बेल प्रयोगशाळेनें सिलिकनचा व्यवहारोपयोगी सौरघट प्रथम जगापुढें मांडला, तेव्हां तो पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ६ भागाचीच वीज करी. आजचीं चांगलीं पॅनेलें शेंकडा २० हून अधिक करितात. तथापि पॅनेलावर जो २०० वॅटचा आंकडा छापलेला असतो, तो प्रखर ऊन बरोबर समोरून पडेल तेव्हांचा. क्वार्ट्झसाइटला डिसेंबरांत भर माध्यान्हींहि सूर्य क्षितिजापासून अवघा ३३ अंश वर येतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलास त्याचे तिरपे किरण लाभतात. दिवसभराचें सारें ऊन एकत्र केलें तरी तें सुमारें तीन तासांच्या पूर्ण उन्हाइतकेंच भरतें. म्हणजे ६०० वॅट-तास. त्यांतून तारा, नियंत्रक व बॅटरी यांची तूट चौथाई धरली तर ४५०, म्हणजेच सुमारें ३५ अँपिअर-तास. खर्च ७२ आणि जमा ३५! सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून २२० अँपिअर-तासांची कोठी केलेली असली, तरी शिशाच्या बॅटरीचा निम्मा सांठाच वापरणें हिताचें असतें. तेव्हां ११० ची शिल्लक रोज ३७ नें घटत जाऊन तिसऱ्या रात्रीं संपते. पुढील प्रत्येक रात्र बॅटरीच्या आयुष्यांतून कर्जाऊ घेतलेली असते.

हा हिशेब समोर आला म्हणजे उपायहि दिसूं लागतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपें उभें केलें, तर त्याच डिसेंबरांत तें दीडपटीहून अधिक वीज देतें. तिरपें ठेवलेलें ३०० वॅटचें पॅनेल वरील कुटुंबाचा रोजचा खर्च भागवून ढगाळ दिवसाकरितां थोडें शिल्लकहि टाकील. अंथरूण पाहून पाय पसरावे, किंवा अंथरूण वाढवावें. तिसरा मार्ग नाहीं.

यानंतर जुन्या बॅटरीची परीक्षा करावी. प्रथम ती बाहेरील विजेवर पूर्ण भरावी, कांहीं तास स्वस्थ ठेवावी आणि मग दाब मोजावा. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या वर दिसते, १२.१ च्या आसपास आंकडा आला तर ती निम्मी रिकामी आहे असें समजावें. टोपणें उघडतां येणारी बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्यांतील आम्लाची घनता काट्यानें पाहावी. ती १.२६५ च्या सुमारास सगळीकडे सारखी असावी. एकच कप्पा फार मागें पडला असेल तर ती बॅटरी गेली. सर्व कप्पे सारखेच थोडे खालीं असतील, तर कदाचित् तिला औषध नको, अन्नच हवें आहे.

बॅटरी बदलावयाचीच ठरली तर निवड तीन प्रकारांत असते. पहिली, ऊर्ध्वपातित पाणी घालावें लागणारी शिशाची. ही सर्वांत स्वस्त. दुसरी, कांचतंतूंच्या गादींत आम्ल शोषून ठेवलेली बंद बॅटरी; हिला पाणी लागत नाहीं, पण उपासमार हिलाहि मानवत नाहीं. तिसरी, लिथियम व लोह-फॉस्फेट यांची. लोह-फॉस्फेटाचा हा उपयोग टेक्सास विद्यापीठांतील जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केला. लिथियम बॅटऱ्यांवरील कार्याबद्दल गुडइनफ यांस २०१९ सालीं अन्य दोघांसमवेत रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी सुमारें बारा किलो भरते व आपला बहुतेक सर्व सांठा वापरूं देते. तेवढ्याच उपयुक्त विजेसाठीं शिशाच्या दोन बॅटऱ्यांचें पंचावन्न-साठ किलो ओझें वाहावें लागतें. ती हजारों वेळां भरतां येते, आणि अर्धपोटी राहिल्यानें बिघडत नाहीं. मात्र पारा शून्य अंशाखालीं असतां ती भरूं नये. भरल्यास आंत धातुरूप लिथियमचा थर बसून तिची कायमची हानि होते. आणि हें विसरूं नये कीं, लिथियम उपास सोसते, पण वीज निर्माण करीत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

प्रत्यक्ष अदलाबदलींत क्रमास फार महत्त्व आहे. प्रथम प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी व जोडणीचें चित्र काढून ठेवावें. हातांतील अंगठी, बांगडी, घड्याळ उतरवावें. बॅटरीच्या दोन टोकांमध्यें सांपडलेली धातूची वस्तु क्षणांत लाल होते. ठिणगी व विडी-सिगारेट दूर ठेवावी, कारण भरतांना शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. मग सर्वांआधीं पॅनेलाची तार नियंत्रकापासून सोडावी, नंतर बाहेरील वीज बंद करावी, आणि मगच बॅटरीची ऋण तार काढून शेवटीं धन तार काढावी. ऋण तार आधीं काढण्याचें कारण असें कीं, ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेली असते. ती जागेवर असतांना धन टोकावरील पाना सांगाड्यास टेकला तर मोठी ठिणगी उडते. जोडतांना हाच क्रम उलट करावा. बॅटरी आधीं आणि पॅनेल शेवटीं. कारण बॅटरीचा आधार नसतां पॅनेलाचा चढा दाब नियंत्रकास बिघडवूं शकतो. सांडलेलें आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावें. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळीं, एकाच जातीच्या व सारख्या वयाच्या घ्याव्या. नवी जुनीच्या जोडीला बांधली तर जुनी तिलाहि आपल्याबरोबर ओढून नेते.

जात बदलली असेल तर नियंत्रकाची मांडणीहि बदलावी लागते. शिशाच्या बॅटरीस मधून मधून जो अधिक दाबाचा डोस देतात, तो लिथियमला देऊं नये. बाहेरील विजेवर बॅटरी भरणारें जुनें उपकरण लिथियमला पूर्ण भरूं शकेल कीं नाहीं तेंहि पाहून घ्यावें. मोटारीच्या जनित्रास लिथियम परस्पर जोडूं नये; ती इतकी वीज ओढते कीं जनित्र तापून जळण्याची भीति असते. मध्यें प्रवाहास मर्यादा घालणारा चार्जर बसवावा, आणि बॅटरीच्या धन टोकानजीक योग्य तो फ्यूज असावाच.

आणखी दोन गोष्टी अशा आहेत कीं त्यांवर जीव अवलंबून असतो. पहिली ब्रेकची. धांवतांना ट्रेलर मोटारीपासून सुटलाच, तर एक दोरी ताणली जाऊन खटका निघतो व ट्रेलरच्याच बॅटरीच्या विजेनें त्याचे ब्रेक लागतात. म्हणून बॅटरी काढलेला ट्रेलर रस्त्यावर नेऊं नये, आणि नवी बसवितांना त्या खटक्याची तार जोडण्यास विसरूं नये. दुसरी गोष्ट वजनाची. शिशाच्या बॅटऱ्या बहुधा पुढच्या दांड्यावर, उघड्या हवेंत असतात. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून हलकी लिथियम घराच्या आंत नेली, तर दांड्यावरील भार एकदम पन्नास किलोंहून अधिक कमी होतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ असावा लागतो. तो उणा पडला तर वेगांत ट्रेलर सापासारखा झुलूं लागतो व मोटारीलाहि फरफटत नेतो. तेव्हां सामानाची मांडणी बदलून वजन पुन्हां जुळवावें.

उरल्या जुन्या बॅटऱ्या. शिसें हें विष आहे, पण तें पुन्हां वितळवून वापरतां येतें. अमेरिकेंत नवी बॅटरी घेतांना अनामत ठेवावी लागते व जुनी आणून दिली म्हणजे ती परत मिळते, अशी सर्रास वहिवाट आहे. हिंदुस्थानांतहि २०२२ च्या नियमांनीं निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी बदलतांना जुनी दारोदार फिरणाऱ्या भंगारवाल्यास न देतां दुकानदारासच परत करावी. उघड्यावर वितळविलेल्या शिशाची वाफ वस्तींतील मुलांच्या अंगांत भिनते.

क्वार्ट्झसाइटच्या माळावर संध्याकाळीं सूर्य मावळतो तेव्हां जाणता घरधनी आधीं घड्याळाकडे न पाहतां बॅटरीच्या मापकाकडे पाहतो. आज किती आलें, किती गेलें, उद्यांसाठीं किती उरलें, एवढें त्यास कळलें म्हणजे तो निर्धास्त निजतो. ज्यास तें कळत नाहीं, त्याला दुकानांतील सर्वांत महाग बॅटरीहि शांत झोप देऊं शकत नाहीं.